नेच्याचं बाळ नव्हे

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो मांडणारे लोक अडाणी नाहीत. उलट त्यांनी वाचलेलं असतं, आणि गोची तिथूनच सुरू होते.

गोड्या पाण्याचं मत्स्यालय बाळगणाऱ्यांना झ्यूसवासरटँग ही वनस्पती परिचयाची आहे. गडद हिरव्या, आरपार दिसणाऱ्या, कडेला चुणीदार अशा फितींचा गुंता. खोड नाही, पान नाही, धड मूळही नाही. श्रिंपची पिल्लं त्यात लपतात, म्हणून श्रिंप पाळणाऱ्यांचा तिच्यावर विशेष जीव. या शतकाच्या सुरुवातीला ती जर्मन हौशी मंडळींच्या हातून जगभर गेली, त्यामुळे जर्मन नावच सगळीकडे चिकटलं. अर्थ सरळ आहे: गोड्या पाण्यातलं समुद्रशेवाळ. ते शेवाळ नाही हे लवकरच कळलं. मग तिला यकृतका म्हणू लागले, म्हणजे ओल्या दगडामातीवर चपट्या पसरणाऱ्या शेवाळी वनस्पतींपैकी एक. 2009मध्ये एक शोधनिबंध आला आणि ती नेचा ठरली. फर्न. फर्नच्या आयुष्यातली पहिली अवस्था.

तेव्हापासून जे मत रुजलं ते असं: ‘ही काही पुरी वनस्पती नव्हे. नेच्याचा हा बाल्यकाळ. निसर्गात तो काही आठवड्यांत आटोपतो आणि खरा नेचा उगवतो. टाकीतल्या कृत्रिम परिस्थितीत तो आटोपत नाही, म्हणून ही खुंटलेली, बाळच राहिलेली वनस्पती.’ हे मी हायडेलबर्गमधल्या छंदिष्टांकडून ऐकलंय, पुण्यातल्या एका दुकानदाराकडून ऐकलंय, आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांकडूनही. ते पुरावेही देतात. पाठ्यपुस्तकात असंच दिलं आहे. तिच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, म्हणजे हिशेबाने ती निम्मीच. वर्षानुवर्षं वाढूनही तिला नेच्याचं पान येत नाही. आणि निसर्गात अशी कायम याच अवस्थेत राहणारी वनस्पती कुणी पाहिली आहे?

यातले पहिले दोन पुरावे लंगडे आहेत. तिसरा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. चौथा प्रश्न विचारणाऱ्याने हायडेलबर्गच्या मागचा डोंगर पाहिलेला नाही.

आधी ओळख कशी पटली ते पाहू, कारण त्याबद्दलही एक अर्धसत्य पसरलं आहे: ‘डीएनए तपासला आणि कोडं सुटलं.’ डीएनएपर्यंत जायला आधी कुणाला तरी संशय यावा लागतो, आणि तो इथे सूक्ष्मदर्शकाखाली आला. यकृतका म्हणणाऱ्यांना हसण्याचं कारण नाही. त्या काळात बाजारात ‘पेलिया’ नावाने एक चपटी हिरवी वनस्पती विकली जात होती. ती पेलिया नसून मोनोसोलेनियम टेनेरम आहे हे 2003मध्ये ग्राडश्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. विल्यम ग्रिफिथ यांनी आसामातून वर्णन केलेली ही यकृतका, नाव 1849चं. टँग तिच्या शेजारी ठेवलं तर तिची नाजूक धाकटी बहीण वाटावं इतकं साम्य. तेव्हा तिलाही त्याच खात्यात टाकलं गेलं. दुकानातल्या पाट्या अशाच तयार होतात.

दहापट भिंग हाताशी असेल तर मात्र या दोघी वेगळ्या काढता येतात. मोनोसोलेनियमची फीत जाड, अनेक थरांची. प्रकाशाकडे धरली की आत फिकट ठिपके दिसतात, ते तेलाचे. यकृतकांच्या पेशींत तेलाचे असे साठे असतात, नेच्यांच्या पेशींत नसतात. टँगची फीत बहुतेक ठिकाणी एका पेशीइतकीच जाड. पेशींच्या भिंतींची जाळी स्वच्छ दिसते, ठिपके नाहीत, मधली शीर नाही. रिक्सियाशी गल्लत व्हायचं कारण नाही. तिचे धागे मिलिमीटरभर रुंद, टोकाला दोन-दोन फाटे फुटलेले, आणि ती वर तरंगते.

पण तेल नाही, थर एकच, एवढ्यावरून नेचा म्हणता येत नाही. निकाल लागला तो नर अवयवावर. शेवाळी असो वा नेचा, शुक्रपेशी तयार होतात त्या रेतुकाशय नावाच्या सूक्ष्म पिशवीत. दोघांत तिची बांधणी निराळी. चपट्या यकृतकांत या पिशवीला देठ असतो, भिंत पुष्कळ पेशींची असते, आणि बहुधा ती फितीच्या पृष्ठभागात खळगा करून आत बसलेली असते. बहुतेक आधुनिक नेच्यांत ती उघड्यावर, फितीतून वर आलेल्या फुगवट्यासारखी, आणि तिची भिंत अवघ्या तीन पेशींची: तळाची एक, मधे कड्यासारखी वळलेली एक, वर झाकणाची एक. शुक्रपेशी पक्व झाल्या की झाकण उघडतं आणि त्या पाण्यात सुटतात. वनस्पतीच्या सगळ्या शरीररचनेत इतकी आटोपशीर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. टँगवरचे रेतुकाशय असे नेच्याच्या घडणीचे निघाले. कार्ल नेगेली यांनी 1844मध्ये नेच्याच्या पूर्वकायकावर, म्हणजे त्याच्या या पहिल्या अवस्थेवर, जो अवयव प्रथम पाहिला, तोच हा.

संशय पक्का झाल्यावर डीएनए. फे-वेइ ली, बेनितो तान, फोल्कर बुखबेंडर, रॉबिन मोरन, जर्मिनाल रूआँ, चुन-नेंग वांग आणि डिट्मार क्वांट या सात जणांनी टँगच्या हरितकणूंतल्या डीएनएचे पाच भाग वाचून इतर वनस्पतींशी ताडून पाहिले. ‘प्लांट सिस्टिमॅटिक्स अँड एव्होल्यूशन’ या नियतकालिकात 2009मध्ये ते छापून आलं. निष्कर्ष असा की ही लोमॅरिऑप्सिस या प्रजातीतली, लोमॅरिऑप्सिस लिनिआटा या जातीच्या अगदी जवळची वनस्पती. हे नेचे उष्ण कटिबंधातल्या जंगलात रुजून झाडाच्या खोडावर चढत जातात. त्यांची पहिली अवस्था पाण्याखाली सुखाने राहू शकते, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

‘अगदी जवळची’ हे शब्द पाटी लिहिणारे गाळतात. नेच्यांत हरितकणूंतला डीएनए आईकडून येतो, त्यामुळे कधीकाळी बाप दुसऱ्या जातीचा असला तर त्याचा मागमूस तिथे सापडत नाही. शिवाय ताडून पाहायला संग्रहात ज्या जाती असतील त्यांच्यातच उत्तर शोधावं लागतं. म्हणून पाटीवर ‘लोमॅरिऑप्सिस’ एवढंच लिहावं. जातीचं नाव जोडणं म्हणजे शोधनिबंधाच्या लेखकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं म्हणण्यासारखं आहे.

आता मुख्य वाद.

2009च्या आधी टँग यकृतका होतं आणि पुरी वनस्पती होतं. ‘ही अर्धवट आहे हो’ असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. नेचा ठरल्याबरोबर ते अर्धवट झालं. टाकीतल्या फितीत या काळात काय बदललं? पेशी त्याच, गुणसूत्रं तेवढीच, वाढ तशीच. बदललं फक्त आपल्या डोक्यातलं खातं. यकृतकांच्या खात्यात जी अवस्था ‘वनस्पती’ म्हणून जमा होते, तीच नेच्यांच्या खात्यात ‘बाळ’ म्हणून का लिहायची?

गंमत अशी की हा हिशेब फार पूर्वी चुकता झालेला आहे, आणि तो करणारा माणूस पुढे हायडेलबर्गलाच येऊन राहिला. हायडेलबर्ग म्हटलं की मराठी वाचकाला खंडोबा आणि धनगर यांच्यावर आयुष्य घालवणारे गुंथर सोन्थायमर आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण याच विद्यापीठात 1863मध्ये विल्हेल्म होफमाइस्टर नावाचा एक विलक्षण माणूस वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आणि वनस्पती-उद्यानाचा संचालक म्हणून रुजू झाला. विद्यापीठात तो कधी विद्यार्थी म्हणून गेलाच नव्हता. जन्म 1824चा, लाइप्झिशचा. बाप पुस्तकं आणि संगीताच्या छापील प्रती विकणारा, आणि मुलगाही त्याच धंद्यात. दृष्टी इतकी अधू की वस्तू नाकाशी धरावी लागे. धंद्यातून वेळ काढून पहाटे सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या या दुकानदाराने 1851मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एक ग्रंथ छापला, आणि फुलं न येणाऱ्या वनस्पतींबद्दलचा सगळा गोंधळ मिटला. डार्विनचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षं होती.

होफमाइस्टरने दाखवलं ते थोडक्यात असं. हरिता, यकृतका, नेचे, इतकंच काय सूचिपर्णी वृक्षसुद्धा, या सगळ्यांच्या आयुष्यात दोन पिढ्या एकीआड एक येतात. एक पिढी अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार करते. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ती गंतुकधारी. त्यांच्या मीलनातून दुसरी उगवते ती बीजुकधारी. तिची बीजुकं म्हणजे स्पोर वाऱ्यावर उडतात आणि रुजून पुन्हा पहिली पिढी होते. मुद्दा पुढे आहे. पावसाळ्यात भिंतीवर जे मखमली हरित आपण पाहतो ते गंतुकधारी, आणि त्यावर काडीसारखी उभी राहणारी बोंडं ही बीजुकधारी. नेच्यात वाटा उलटा: मोठं, पानांचं झाड बीजुकधारी, आणि मातीला चिकटलेली नखाएवढी हिरवी चकती, म्हणजे पूर्वकायक, गंतुकधारी. मान वेगवेगळा मिळतो, पण पायरी तीच आहे. हरिताची हिरवी गादी आणि नेच्याचा पूर्वकायक या एकाच पिढीच्या वनस्पती.

लेश्चित्स-सुमिन्स्की यांनी 1848मध्ये पूर्वकायकावर स्त्री-अवयव आणि फलन पाहिलं होतं, नेगेलींनी त्याआधी नर अवयव. म्हणजे पूर्वकायक हा संसार करणारा, अपत्य जन्माला घालणारा प्रौढ जीव आहे हे पुराव्यानिशी ठरलेलं होतं. ज्याच्या पोटी नेच्याचं झाड जन्मतं त्यालाच नेच्याचं बाळ म्हणणं, हे नात्याचा उलटा हिशेब करण्यासारखं झालं. झाड हे पूर्वकायकाचं लेकरू. पूर्वकायक झाडाचं लेकरू म्हणाल तर तेही खरं. पण मग झाडालाही बाळ म्हणा आणि दोघांना एकच न्याय लावा.

गुणसूत्रांच्या निम्मेपणावर फार शाई खर्चायला नको. नर मधमाशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो. तिला अर्धी माशी कुणी म्हणत नाही, आणि घरातल्या भिंतीवरच्या हरितालाही कुणी अर्धं हरित म्हणत नाही.

पाठ्यपुस्तकाचा पुरावा जास्त चिवट आहे, कारण तो खोटा नाही, अपुरा आहे. आपल्याकडे बारावीपर्यंत आणि पुढेही नेच्याचा पूर्वकायक म्हणून हृदयाच्या आकाराची एक चकती काढायला लावतात. वर खाच, खाचेजवळ स्त्री-अवयव, खाली मुळांसारखे केस आणि नर अवयव. चकती लहान असते, तिच्यावर झाड उगवलं की ती सुकते. कोकणात जांभ्याच्या गडग्यावर हंसराज उगवतो तिथे आषाढात हेच घडताना दिसतं. पण जमिनीवर वाढणाऱ्या पुष्कळ नेच्यांचं हे एक रूप झालं. भारतातल्याच बी. के. नायर आणि एस. कौर यांनी 1971मध्ये नेच्यांच्या गंतुकधारी पिढीचा जो मोठा आढावा घेतला, त्यात हृदयाकृतीशिवाय फितीसारखी आणि धाग्यासारखी रूपंही तपशिलाने नोंदली आहेत. झाडांच्या सालीवर, ओल्या खडकांवर राहणाऱ्या कुळांत ही रूपं विशेष.

फितीची वाढ चकतीपेक्षा वेगळी होते. चकतीला एक खाच, तिथेच वाढीचं केंद्र, आणि ते थांबलं की सगळं थांबलं. फितीला असं एकच मर्मस्थान नसतं. कडेला ठिकठिकाणी वाढ होते, फाटे फुटतात, मागचा भाग कुजून गेला की पुढचे फाटे सुटे होतात आणि प्रत्येक फाटा नवी फीत होतो. अशा फितीला वय असतं, पण ठरलेला शेवट नसतो. टाकीत टँगचा तुकडा कात्रीने कापला तर दोन्ही तुकडे वाढतात. छंदिष्ट त्याला टाकीची किमया समजतात. प्रत्यक्षात ती लोमॅरिऑप्सिसची कुळकथा आहे, सालीवर वाढणाऱ्या फितीची सवय.

टाकीने तिला खुंटवलं या आरोपाला हायडेलबर्गमधूनच आणखी एक साक्षीदार काढता येतो. गेओर्ग क्लेब्स 1907पासून 1918मध्ये वारेपर्यंत इथे प्राध्यापक होते. नॉयेनहाइमर फेल्डवरचं आजचं वनस्पती-उद्यान त्यांच्याच कारकिर्दीत, 1915मध्ये तिथे हललं. मूळ बाग 1593ची. वनस्पती आयुष्याच्या ठरावीक पायऱ्या आतल्या घड्याळाबरहुकूम चढते ही समजूत क्लेब्स यांना मान्य नव्हती. प्रकाश, अन्न, उष्णता बदलून कोणती पायरी किती लांबवायची हे बाहेरून ठरवता येतं, असं ते म्हणत आणि करूनही दाखवत. शेवटच्या वर्षांत, युद्ध चालू असताना, त्यांनी हेच प्रयोग नेच्यांच्या पूर्वकायकांवर केले. मंद किंवा लाल उजेडात स्पोरमधून निघालेला धागा धागाच राहतो. निळा किंवा पुरेसा पांढरा उजेड मिळाला की त्याची चकती होते. पुढे हान्स मोर यांनी 1956मध्ये जे सविस्तर मांडलं त्याचा पाया हा.

इथे प्रतिपक्ष टाळी वाजवील: ‘पाहा, परिस्थितीच अडवते ना?’ अडवते. पण मग पानांचं झाडही परिस्थितीनेच घडवलेलं. एका परिस्थितीला ‘निसर्ग’ आणि दुसरीला ‘अडथळा’ म्हणण्याचा अधिकार कुठून आला? पाण्याखाली, मंद उजेडात फीत वर्षानुवर्षं हिरवी, वाढती आणि आपली संख्या वाढवणारी राहते. खुंटणं म्हणतात ते असं दिसत नाही.

आता तो डोंगर. नेकार नदी हायडेलबर्गपाशी डोंगरातून सुटून ऱ्हाइनच्या मैदानात उतरते. शहराच्या मागे ओडेनवाल्ड सुरू होतो, तांबड्या वालुकाश्माचा. याच दगडातून शहराचा किल्ला बांधला आहे. या वालुकाश्मात, आणि ऱ्हाइनपलीकडे फाल्ट्सच्या जंगलातही, खडकांच्या खोल कपारींत एक हिरवा लोकरीसारखा थर सापडतो. बॅटरीच्या झोतात पाहिला तर शैवल वाटावं असा: बारीक फांद्या फुटलेले हिरवे धागे एकमेकांत गुंतलेले. शैवल बोटाला बुळबुळीत लागतं. हा थर कोरडा, किंचित ताठ, दाबला तर परत उचलणारा. हा ट्रायकोमॅनेस स्पेसिओसम या नेच्याचा पूर्वकायक, धाग्याच्या रूपातला.

त्याचं पानांचं झाड आयर्लंड, ब्रिटन, स्पेन-पोर्तुगाल आणि अटलांटिकमधल्या बेटांवर आढळतं. अर्धपारदर्शक पानांचा इतका देखणा नेचा, की एकोणिसाव्या शतकात नेच्यांच्या वेडापायी इंग्रजांनी तो आयर्लंडमधून ओरबाडून नेला आणि काचेच्या पेट्यांत घालून दिवाणखान्यांत ठेवला. जर्मनीत मात्र आहे ती एकटी गंतुकधारी पिढी. झाडाला इथली थंडी सोसवत नाही. पूर्वकायक कपारीत, जिथे दुसरी हिरवी वनस्पती तग धरणार नाही इतक्या अंधारात, बारमाही टिकतो. धाग्याच्या टोकाला सूक्ष्म कळ्या येतात, त्या तुटून पडतात आणि नव्या धाग्यांना सुरुवात होते. हजारो वर्षांपूर्वीच्या उबदार काळात इथे पानांची झाडं होती आणि हे त्यांचे वंशज, असा एक अंदाज आहे. मध्य युरोपातल्या शास्त्रज्ञांना हा पूर्वकायक 1990च्या दशकात ओळखता आला. तोवर तो समोर असून दिसत नव्हता, कारण पाहणारा त्याला शैवल किंवा हरिताची कोवळी अवस्था समजून पुढे जात होता. टँगची कहाणी हीच, फक्त टाकीशिवाय.

कायद्याने मात्र इथे वनस्पतिशास्त्राचं ऐकलं. हा नेचा युरोपीय संघाच्या 1992च्या अधिवास-निर्देशानुसार संरक्षित आहे, आणि जर्मनीत त्या जातीच्या नावाने ज्या कपारी जपल्या जातात त्यांत हे पूर्वकायकच आहेत. कुणी अधिकारी म्हणाला नाही की ही तर बाळं, झाड दाखवा मग संरक्षण देऊ. (म्हणून कपारीत हात घालून नमुना खरवडू नये. भिंगाने पाहावं आणि निघावं.)

अमेरिकेत गोष्ट आणखी पुढे गेली. ॲपलेशियन डोंगरांतल्या दगडी ओवऱ्यांत फितीसारखे पूर्वकायक वाढतात, ज्यांचं पक्व झाड तिथे कुठेच नाही. डोनाल्ड फॅरार यांनी 1967मध्ये ‘सायन्स’मध्ये अशा स्वतंत्र राहणाऱ्या पूर्वकायकांकडे लक्ष वेधलं, आणि 1991मध्ये त्यांनी व जॉन मिकेल यांनी त्यांतल्या एकाला व्हिटारिया ॲपलेशियाना असं जातीचं नावच दिलं. ज्याची ओळख म्हणून दाखवायला फक्त पूर्वकायक आहे, अशी ही नेच्याची जात. ‘निसर्गात असं कुणी पाहिलंय?’ या प्रश्नाचं उत्तर देऊन झालं.

प्रतिपक्षाचं काय उरतं? थोडं उरतं, आणि ते द्यायला हवं. टँग टाकीत तुकड्यांनी वाढतं, म्हणजे एकाच मूळ फितीच्या प्रती निघत राहतात. मीलन नाही, तर नवी सरमिसळ नाही. रोग आला, पाणी बिघडलं, तर सगळ्या प्रती सारख्याच दुबळ्या. जातीच्या दीर्घ इतिहासाच्या दृष्टीने हे उणेपण खरं आहे. शिवाय पाण्याखाली कायमचं राहण्याची या कुळाची क्षमता टाकीनेच उघड केली. रानातल्या लोमॅरिऑप्सिसची फीत सालीवर वाढते. पण हे उणेपण केळीलाही आहे. आपण खातो त्या केळीला बी धरत नाही, कंदाच्या फुटव्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालतं, आणि जळगावच्या बागाईतदाराला कुणी सांगायला जात नाही की तुझी केळ अर्धवट वनस्पती आहे.

नावाच्या वादाने टाकीत काय फरक पडतो, असं विचारणारे असतात. पुष्कळ पडतो. जो तिला शैवल समजतो तो टाकीत खरं शैवल वाढलं की दोघांवर एकच औषध टाकतो. तांब्याचं शैवलनाशक किंवा ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकलं जाणारं ग्लुटराल्डिहाइड, एकपेशी थराच्या या फितीला दोन्ही जड जातात. ती पांढुरकी होऊन विरते. जो तिला बाळ समजतो तो ‘मोठी’ करायच्या नादात उजेड वाढवतो, खतं घालतो, कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जोडतो. पान येत नाही. येतं ते धाग्यांचं शैवल, फितींच्या चुण्यांत असं अडकतं की सोडवता सोडवता गुंत्याचा चुरा होतो. जो तिला सालीवर, सावलीत, सावकाश वाढणारी फीत म्हणून ओळखतो, त्याचं काम सोपं. मंद उजेड, वीस ते पंचवीस अंश तापमान, हलका प्रवाह. फीत दगडाला स्वतःहून घट्ट धरत नाही, म्हणून काळ्या दोऱ्याने सैल बांधायची किंवा जाळीखाली ठेवायची. गुंता फार दाट झाला तर आतला भाग उजेडावाचून तपकिरी पडतो, तेव्हा अधूनमधून मोकळा करायचा. पाण्याच्या बाबतीत ती तक्रार करत नाही. ऱ्हाइनच्या मैदानातल्या भूजलाने इथे केटलीत पांढरा थर धरतो, आणि त्याच नळाच्या पाण्यात माझ्याकडची फीत बिनघोर वाढते. वाढते सावकाश, हे खरं. आठवडाभरात फरक दिसावा अशी अपेक्षा असेल तर दुसरी वनस्पती आणावी.

सह्याद्रीत ओल्या घळी, जांभ्याच्या कपारी, देवराईतल्या सालीवरचे हिरवे थर यांची वाण नाही. तिथे फितीचे, धाग्यांचे पूर्वकायक दिसले तरी ‘शेवाळ’ म्हणून पायाखाली जातात, कारण हृदयाच्या आकाराची चकती सोडून दुसरं काही ओळखायला आपण कुणाला शिकवलेलंच नाही. म्हणून नेचे शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. ती जुनी हृदयाकृती स्लाइड जरूर दाखवा, पण मुंबई-पुण्याच्या मत्स्यालयाच्या दुकानात विचारून टँगची एक फीतही आणा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवा. रेतुकाशय सापडला तर त्याच्या भिंतीतल्या तीन पेशी विद्यार्थ्यांकडूनच मोजून घ्या. आणि वहीत आकृतीखाली ‘बाल्यावस्था’ लिहिलेलं दिसलं, तर तो गुण कापा.